मालूची जागा

दिपिकाच्या हळदीचा धवला मी दोनदा म्हटला. पहिल्यांदा म्हटला तेव्हा माझी जाऊ मालू भिंतीपलीकडे जिवंत होती. दुसऱ्यांदा म्हटला तेव्हा नव्हती. गळा पहिल्या वेळीच जास्त चांगला लागलेला, पण तो धवला काही कामाचा निघाला नाही.

आमच्यात लग्नाला भटजी येतो, डीजे येतो, हल्ली वरून फोटो काढणारं ते घोंघावणारं यंत्र पण येतं. तरी धवलारीन आल्याशिवाय हळद लागत नाही. लग्नाचे धवले म्हणते ती धवलारीन. डोंबिवलीच्या खाडीकाठापासून टिटवाळ्यापर्यंत आमच्या कोणत्याही घरात विचारा, ठमाबाई कोण ते सांगतील. माझी शाळा तिसरीत सुटली. वही नाही, पुस्तक नाही. सगळं सासूने तोंडी दिलं आणि माझ्या तोंडातच राहिलं.

पण धवला एकटीचा नसतो. एकीने ओळ सोडायची, दुसरीने झेलायची. मी सोडायची, मालू झेलायची. ती माझ्या डाव्या हाताला बसायची. सत्तावीस वर्षांत डावीकडे कोण आहे ते मी कधी वळून बघितलं नाही. बघायची गरजच नव्हती. सासूचा नियम एकच होता. ओळ उघडी ठेवायची नाही. तोंडातून सुटली की कोणीतरी झेललीच पाहिजे, नाहीतर त्या घराला चांगलं नाही.

आमचं फाटलं ते टिटवाळ्याच्या एका हळदीत. सात वर्षं झाली. धवला रंगात आलेला, चाळीस-पन्नास बायका बसलेल्या, आणि अकरावी ओळ माझ्या तोंडात आलीच नाही. 'उंबरा वलांडता लेकीनं मागं कोनाला हाक मारली?' एवढी साधी ओळ. हजारदा म्हटलेली. मी तोंड उघडलं आणि आत काही नाही, विहिरीत पोहरा टाकावा आणि रिकामा यावा तसं. माझी ओळ मालूने म्हटली आणि तिची तिनेच झेलली. कोणाला कळायचंही नाही असं तिने केलं. पण एक बाई मागून बोललीच, "मालूबायनं सांभाळलं हां."

सांभाळलं! मला!

मांडवातून बाहेर आल्याबरोबर, अजून कुंकू लावतायत, ओटी भरतायत, अशात मी तिला म्हटलं, "माझ्या तोंडातली ओळ काढून घेतलीस. लई घाई होती ना पुढं म्हणायची? यापुढं माझी जागा रिकामी दिसली तर रिकामीच ठेवायची. हात लावायचा नाय."

मालू म्हणाली, "बरं, जाऊबाय."

तेवढंच. ती वाद घालणारी नव्हती, त्याचा मला जास्त राग यायचा. त्यानंतर आमचं बोलणं बंद झालं. घराला घर लागून, मधे एक भिंत. तिच्याकडचा मिक्सर लागला की माझ्या मांडणीवरची भांडी वाजतात, इतकं जवळ. मी झेलायला माझी सून शीला घेतली. शीला धवला असा म्हणते की जणू बँकेत टोकन नंबर पुकारतेय. मालूने धवले म्हणायला जाणंच सोडलं.

दिपिका मालूची लेक. दोन वर्षांची असताना तापात डोळे गेले. आता बत्तीसची आहे. ठाण्याला एका ऑफिसात फोन घेते, एकटी जाते, एकटी येते. रिक्षावाला जास्तीचं फिरवायला लागला तर दुसऱ्याच वळणावर त्याला पकडते. माझं आणि तिच्या आईचं बोलणं नव्हतं, तिचं माझं होतं. ती सगळ्यांशी बोलते. मला मोठी आय म्हणते. तिने पहिल्यांदा कॉम्प्युटर आणला तेव्हा मी विचारलेलं, "डोळे नाहीत, मग पडदा कशाला घेतलास?"

ती म्हणाली, "पडदा सोबत येतोच, मोठे आय. मी बंद ठेवते. विजेची बचत."

अशी आहे. जीभ माझ्यावर गेली आहे, आईवर नाही.

तिचं मोहने गावच्या जयेशशी जमलं. मुलगा चांगला, दोन्ही डोळे धड. गावात बायका कुजबुजल्या की त्याला काय कमी होतं. मी त्यांना विचारलं की तुमच्या नवऱ्यांना दोन-दोन डोळे आहेत, त्यांनी काय बघून तुम्हाला आणलं? गप्प बसल्या. पण त्याच सुमाराला मालूची तब्येत बिघडली. डॉक्टर म्हणाले, हृदय मोठं झालंय. हे कळलं तेव्हा मी शीलाला म्हटलं, "चला, काहीतरी मोठं झालं तिचं."

शीला हसली नाही. मीच हसले.

एका रविवारी सकाळी दिपिका माझ्याकडे आली. हात भिंतीला लावत नाही ती, आमची दोन्ही घरं तिला पाठ आहेत. पाटावर बसली आणि म्हणाली, "मोठे आय, माझ्या हळदीला धवला तुमचा दोघींचा पाहिजे."

"तुझ्या आयचं हृदय मोठं आहे, आवाज काढू नको म्हणालेत ना तिला?"

"मांडवात बसून दोन तास नाही जमायचं. घरात हळूहळू जमेल. ती तिच्या ओळी माझ्या फोनात देईल, तू तुझ्या दे. मी कॉम्प्युटरवर दोन्ही एकत्र करीन. हळदीला स्पीकरवर लावू."

"म्हणजे तिच्याजवळ बसायला नको?"

"नको. तोंड पण बघायला नको." मग म्हणाली, "मी तर कोणाचंच बघत नाही, माझं कुठे अडलंय?"

मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. हळद तिच्या लेकीची, आणि ओळ माझ्याशिवाय सुटत नाही, हे ती भिंतीपलीकडे बसून ऐकणार होती.

दिपिकाने माझ्या स्वयंपाकघरातला पंखा बंद केला, कुकर उतरवायला लावला, खिडकीतला कावळा हाकलला. तिने उपडं पातेलं ठेवून त्यावर फोन ठेवला. म्हणाली, "आधी एक टाळी मार. एकच, जोरात."

"मी काय भजनाला बसले?"

"आय पण सुरुवातीला एक टाळी मारणार आहे. मला दिसत नाही कुठे काय सुरू झालं ते. मी टाळी ऐकते. तिच्या टाळीवर तुझी टाळी बसवली की तुम्ही दोघी एका वेळी सुरू होता. आणि प्रत्येक ओळीनंतर गप्प राहायचं. आयची ओळ मनात म्हणायची, तोंडाने नाही. मग तुझी पुढची. तिची जागा सोडायची. कळलं?"

"मला धवला शिकवतेस?"

"धवला नाही. गप्प राहायला शिकवतेय."

मी टाळी मारली आणि पहिली ओळ सोडली. 'हलदीचे पाटावरी कोनाची लेक बसली?' आवाज असा लागला की फोनखालचं पातेलंही गुणगुणायला लागलं. ओळ संपली. आता गप्प राहायचं. भिंतीपलीकडे मालूच्या घरात कोणीतरी भांडं ठेवलं. ती ऐकत असणार. माझी ओळ तिच्यासाठी तोंड वासून उभी आहे असं मला वाटलं, आणि मी पुढची, तिची, झेलायची ओळ पण म्हटली. मग माझी. मग परत तिची. चौदाच्या चौदा सोडल्या आणि चौदाच्या चौदा झेलल्या. एकटीने, एका दमात, घाईघाईत, जणू मागे कोणी लागलंय.

संपल्यावर दिपिकाने पातेल्यावरचा फोन उचलला. मग म्हणाली, "मोठे आय, जागा?"

"ओळ उघडी ठेवायची नाय. तुझ्या आजीचा नियम आहे. मी काय मोडू?"

नियम खरा होता. पण मी तो नियमासाठी वापरला नाही, हे मला तिथेच, त्याच पाटावर बसल्या बसल्या माहीत होतं.

दोन दिवसांनी दुपारी भिंतीपलीकडून आमचे दोघींचे आवाज एकत्र आले. आधी टाळी. दोन टाळ्या होत्या, पण एकच वाजली, इतकी नीट बसवलेली. मग माझी पहिली ओळ, मोकळी, खणखणीत.  आणि मग दुसरीला मी पण, ती पण. तिसरीला मी पुढे निघून गेले होते आणि ती अजून दुसरीच झेलत होती. चौथीला तर नळावर दोन बायका हंड्यावरून भांडतायत असंच वाटलं. तिचा आवाज बारीक झालेला, मधे दम लागत होता, आणि माझा त्याच्यावर धाडधाड चाललेला. मग ते बंद झालं. मालूचा आवाज आला, खराखुरा, कॉम्प्युटरमधला नाही. "जाऊबायनं जागा नाय ठेवली."

राग नव्हता त्यात. भाजीत मीठ राहिलं असं कोणी म्हणतं तसं.

संध्याकाळी दिपिका आली. "तुझ्या झेललेल्या ओळी मी कापून काढून बघितल्या. पण तू घाईत म्हटलंयस. कापलेली जागा आखूड पडते, आयची ओळ त्यात मावत नाही. तुला ताणून लांब केलं तर तू म्हशीसारखी ऐकू येतेस."

"मग तुझ्या आयला आखूड कर."

"तिला मी आखूड करणार नाही." असं बोलली की मी जरा दचकलेच. मग आवाज उतरवून म्हणाली, "परत दे ना. फक्त मधे गप्प राहा. एवढंच."

"मला वेळ नाय."

"कधी देशील?"

"तुझ्या आयला सांग, येऊन माग म्हणावं."

आली ती. दुसऱ्या दिवशी दुपारी. मी ओट्यावर सोडे निवडत होते. तिने आमच्या दारातल्या खांबाला हात लावला आणि उभी राहिली. श्वास मोजत होती. आमच्या दोन दारांत अकरा पावलं आहेत, आणि तिला एवढा दम लागलेला. म्हणाली, "जाऊबाय."

मी मांजराकडे बघून म्हटलं, "आज वाट चुकली वाटतं कोणाची."

ती थोडी थांबली. मी मान वर केली नाही. सोड्यातला कचरा काढत राहिले, आधीच निवडलेला तोच मूठभर परत परत निवडला. तिची चप्पल फरफटत परत गेली. तिने मागितलं असतं तर मी दिलं असतं, असं मी अजून स्वतःला सांगते. पण मागायला तिला अजून चार शब्दांचा दम लागला असता, आणि तो मी तिला घेऊ दिला नाही.

त्यानंतर अठराव्या दिवशी मालू गेली. सकाळी चहा पिता पिता, बशी हातात.

बाराव्या-तेराव्याचं सगळं मी केलं. मोठी जाऊ मीच, केलंच पाहिजे. गावाला वाटलं, ठमाबाईने सात वर्षांचं सगळं पोटात घातलं. माझ्या पोटात काय होतं ते गावाला काय माहीत. तिचा नवरा दामाजी, माझा धाकटा दीर, मुळातच कमी बोलणारा, तो आता अजिबात बोलेनासा झाला. अंगणात बसून फाटलेलं जाळं विणायचा. एकदा फक्त म्हणाला, "लग्न वरसाच्या आतच करू, वहिनी. मालूची इच्छा होती." मी मान हलवली. लग्न वैशाखातलं ठरलं.

दिपिकाने माझ्याकडे परत धवला मागितला नाही. एकदाही नाही. हळदीला डीजेला सांगितलंय असं शीलाकडून कळलं. ती मागेल म्हणून मी पंधरा दिवस वाट बघितली. मग एका सकाळी मीच ती अकरा पावलं चालले. सात वर्षांत त्या उंबऱ्याच्या आत मी तेराव्यापुरतीच गेलेली.

दिपिका कॉम्प्युटरसमोर बसलेली. पडदा काळाकुट्ट. कानात इअरफोनचं एकच बोंडूक, आणि त्यातून कोणी बाई इतक्या भराभर बडबडत होती की बाहेरही कुचकुच ऐकू येत होतं.

"ही बाई कोण? हिला श्वास नाय का?"

दिपिकाला मी आलेय हे आधीच कळलं असणार, पावलावरून. तिने मान वळवली नाही. "ही मला सांगते मी कुठे आहे ते. कुठली फाईल, कुठला ट्रॅक, किती मिनिटं, किती सेकंद. तुझ्यापेक्षा कमी बोलते."

"मला ऐकव," मी म्हटलं. "तुझ्या आयच्या ओळी. एकट्या."

तिची बोटं बटणांवर फिरली. बघायला नको, शोधायला नको, घरात अंधारात आपण मिठाचा डबा काढतो तशी. मग तिने मोठे हेडफोन माझ्या डोक्यावर बसवले. म्हणाली, "तुला उजव्या कानात ठेवलेलं, आयला डाव्या. म्हणजे मला कळतं कोण कोणाच्या अंगावर जातंय. आता उजवा रिकामा आहे. घाबरू नको."

डाव्या कानात टाळी वाजली. टाळीबरोबर बांगड्या वाजल्या. मग काहीच नाही. मी म्हणणार होते की बंद पडलं, पण दिपिकाने माझ्या मनगटावर हात ठेवला. तेवढ्यात ऐकू आलं. टक. टक. टक. टक. नख पाटावर वाजवतात ना, तसं. सात-आठ ठोके. आणि मग मालूचा आवाज, बारीक, दमलेला, पण बरोबर जिथे यायला पाहिजे तिथे. 'आयसची लाडकी गो, बापाची सावली बसली.' परत ठोके.

"हे ठोके कसले?" दिपिकाने विचारलं. "मला वाटलं दुखत असेल, म्हणून बोट वाजवत असेल. पण ते फक्त मधेच आहेत."

मला पहिल्या दोन ओळींतच कळलं होतं. ती माझी ओळ मोजत होती. मी समोर नव्हते, माझा आवाज नव्हता, तरी माझी ओळ जेवढी लांब तेवढी जागा ती सोडत होती, एक ठोका जास्त नाही, कमी नाही. चौथ्या ओळीच्या आधी मी खोकते. सासूच्या वेळेपासूनची सवय. चौथीच्या आधी दोन ठोके जास्त होते. माझ्या खोकल्यालासुद्धा जागा होती.

मी दिपिकाला सांगितलं. 

मग अकरावी आली. 'उंबरा वलांडता', तीच. माझी ओळ सुरू व्हायची त्या जागी ठोके थांबले. शांतता. आणि त्या शांततेत एक आवाज, "उं". एवढाच. तोंड उघडून मिटल्यासारखा. मग कितीतरी वेळ काहीच नाही, नख नाही, श्वास नाही. आणि मग तिची झेलायची ओळ, 'आयसला हाक मारली गो, आयस दारान उभी राहिली.'

मी हेडफोन काढले.

दिपिका म्हणाली, "तो आवाज ना? मी शंभरदा ऐकलाय. मला वाटलं तिथे तिला दम लागला. काढून टाकणार होते. स्वच्छ करताना असलं काढायचं असतं."

"दम नाय," मी म्हटलं. "ती माझी ओळ म्हणायला निघालेली."

"मग थांबली का?"

"मी सांगितलेलं."

तिला काही माहीत नव्हतं. सात वर्षं आईने लेकीला सांगितलं नाही की आमचं कशावरून फाटलं. मला वाटायचं, मालू माझी उणीदुणी काढत बसते भिंतीपलीकडे. मी टिटवाळ्याचं सगळं सांगितलं. मी ओळ विसरले ते पण. ते मी शीलालाही कधी कबूल केलं नव्हतं. गावात माझ्या तोंडची गोष्ट अशी होती की मालू मधे घुसली.

 कॉम्प्युटरमधली बाई काहीतरी पुटपुटली, दिपिकाने एक बटण दाबून तिला गप्प केलं. मग म्हणाली, "एका ओळीवरून?"

 एका ओळीवरूनच.

"तू ज्या दिवशी जागा सोडली नाहीस ना," ती म्हणाली, "त्या दिवशी आय मला म्हणाली, राहू दे, तिची सवय आहे. तुझी बाजू घेऊन बोलली. मला तुझा इतका राग आलेला मोठे आय, मी तुझी फाईल डिलीट करणार होते. बोट ठेवलेलं."

"मग का नाय केलीस?"

"ती बाई विचारते ना, नक्की का म्हणून. तुमच्यात विचारायला कोणी नव्हतं."

मी ते ऐकून घेतलं. दुसऱ्या कोणाकडून ऐकलं नसतं. मग म्हटलं, "मला आता म्हणायचंय. तिच्या ठोक्यांवर."

दुसऱ्या दिवशी सकाळी बसलो. पंखा बंद, कुकर बंद, दामाजीला सांगून कोंबड्या मागच्या बाजूला नेल्या. यावेळी कानात मालू होती. दिपिका म्हणाली, "तिची टाळी ऐकलीस की तू पण मार. आणि लक्षात ठेव, ती थांबणार नाही. रेकॉर्डिंग आहे. तू मागे राहिलीस तर ती निघून जाईल."

हे मला आधी कळलंच नव्हतं. आयुष्यभर मी पाहिजे तेव्हा ओळ सोडायची, पाहिजे तेवढी ताणायची, मधे पाणी प्यायची, कोणाच्या सुनेला टोमणा मारून परत ओळीवर यायची, आणि मालू थांबायची. मला वाटायचं धवला मी चालवते. आता ती तिच्या चालीने पुढे आणि मला तिच्या मागून जायचं. पहिल्या वेळी तिसऱ्या ओळीलाच मी उशिरा पडले. दिपिकाने थांबवलं, बटणं दाबली, परत टाळी.

दुसऱ्या वेळी जमत गेलं. चौथीच्या आधी मी खोकले, त्या दोन ठोक्यांत खोकला बरोबर बसला, आणि दिपिका हसली. मला वाटलं, मालू पण हसली असती. माझी ओळ, तिची ओळ. उजवीकडे मी, डावीकडे ती. ती झेलताना मी गप्प राहायची. सत्तर वर्षांच्या वयात पहिल्यांदा मी तिची ओळ पूर्ण ऐकली. ती 'गो' म्हणताना जरा खाली येते, पायरी उतरल्यासारखी. सत्तावीस वर्षं शेजारी बसून मला माहीत नव्हतं. ती म्हणत असायची तेव्हा मी पुढच्या ओळीची तयारी करत असायची, नाहीतर कोणी कुठली साडी नेसलीय ते बघत.

अकरावीला ठोके थांबले. मला ओळ आठवत होती. शपथेवर सांगते, यावेळी अक्षर न् अक्षर तोंडात होतं. पण आधी तो "उं" यायचा होता, आणि मी तो ऐकायला थांबले. तो आला. आणि त्याच्या पुढची सगळी शांतताही मी ऐकतच बसले, माझी वेळ गेली. तिने झेललं, मी बाराव्या ओळीला पकडलं, धवला पुरा झाला.

"छान झालं," दिपिका म्हणाली. "एकच राहिली. परत घेऊ?"

परत घेतलं. परत तेच. अजून तीनदा घेतलं. दर वेळी मी ठरवायची की थांबायचं नाही, आणि दर वेळी थांबायची.

शेवटी दिपिका म्हणाली, "मोठे आय, दमलीस तू. आपण असं करू. पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये तुझी ही ओळ आहे, ती कापून इथे चिकटवते. जागा लांब आहे, आरामात मावेल. कोणाला कळणार नाही."

"ऐकव."

तिने ऐकवलं. 'उंबरा वलांडता', खणखणीत, घाईत, पुढे मालू येऊच नये अशा तोऱ्यात. मधे तो मालूचा "उं" त्याच्याखाली दबून गेला होता. जणू नव्हताच.

"ही नको," मी म्हटलं. "ही रागाची आहे."

"मग ओळ रिकामी राहील."

"राहू दे."

"आणि आजीचा नियम?"

"आजीशी मी बोलीन. लवकरच भेटणार आहे." मग सांगितलं, "आणि तो आवाज काढू नको. तेवढा स्वच्छ करू नको."

ती कॉम्प्युटरकडे वळली. बटणं दाबली. कॉम्प्युटरमधली बाई काहीतरी म्हणाली, मी विचारलं काय म्हणते, तर दिपिका म्हणाली, "दोन ट्रॅक एक झाले म्हणते. आता परत वेगळे होत नाहीत."

हळदीला मांडव भरलेला. मोहन्याहून जयेशकडच्या बायका आलेल्या, शीला पुढे पुढे करत होती, दामाजी खांबाला टेकून. दिपिका पाटावर बसली, पिवळी झालेली, दोन्ही हात गुडघ्यांवर. मी तिच्या समोर, माझ्या नेहमीच्या जागी. डाव्या हाताला, मालू बसायची तिथे, दिपिकानेच सांगून तो काळा स्पीकर ठेवलेला.

टाळी वाजली. दोन टाळ्या, एकच वाजली. मी माझ्याच आवाजासमोर तोंड मिटून बसले. बायका गप्प झाल्या. तिसऱ्या-चौथ्या ओळीला म्हाताऱ्यांनी डोळ्यांना पदर लावले, मालूचा आवाज ओळखून. कोणीतरी म्हणालं, "दोघी परत एकत्र बसल्या गो." मी त्यांना सांगितलं नाही की बसलो नव्हतो.

दहावी झाली. अकरावी रिकामी आली.

ज्यांना धवला माहीत होता त्या सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मी समोरच होते, तोंड माझं, ओळ माझी. कोणाला काय, म्हणून टाकावी. मी तोंड उघडलं पण. आणि पहिल्यांदाच डावीकडे वळून बघितलं.

स्पीकरमधून तो बारीकसा "उं" आला. दिपिकाची मान जरा हलली. तिला आणि मला सोडून कोणालाच तो ऐकू गेला नसेल. मी तोंड मिटलं. 

मग मालूने झेललं, बरोबर वेळेवर. आयस दारात उभी राहिली. ओळ मी सोडलीच नव्हती.